मेडिकल हॉस्टेलमधला मित्र नशेत अडकलाय: काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

हे लिहायचं कारण एकच. हॉस्टेलमध्ये कुणीतरी नशेत अडकलंय हे कळलं की आजूबाजूचे मित्र मदत करतात, मनापासून करतात, पण क्रम उलटा धरतात. आधी रूमची झडती, मग गोळ्या-बाटल्या फेकून देणं, मग रात्री दोन वाजता आईची शपथ, सकाळी घरी फोन, आणि सगळ्यात शेवटी डॉक्टर. यात तो मुलगा दुखावतो, खोटं बोलायला लागतो, आणि दारू किंवा झोपेच्या गोळ्या एकदम बंद झालेल्या असतील तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फिट येऊन बाथरूममध्ये पडतो. मी सायकियाट्रीत रेसिडेन्सी केलीये, आणि कॅज्युअल्टीत (हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागात) असा आणलेला मेडिकलचाच विद्यार्थी बघून जीव तुटतो, कारण त्याला उचलून आणणाऱ्या चौघांनाही विड्रॉवल (नशा थांबल्यावर शरीराला होणारा त्रास) परीक्षेपुरता पाठ असतो, फक्त तो आपल्या रूममध्ये घडतोय हे लक्षात आलेलं नसतं.

योग्य क्रम असा: आधी जीव, मग माहिती, मग बोलणं, मग डॉक्टर, मग विड्रॉवलचे दिवस, त्यानंतर घरचे आणि कॉलेज, मग अटेंडन्स, आणि शेवटी परत रूमवर राहणं. फर्स्ट इयरपासून जेआर थ्रीपर्यंत (पीजीच्या तिसऱ्या वर्षाच्या ज्युनियर रेसिडेंटपर्यंत) सगळ्यांना हाच क्रम लागू आहे.

## आधी तयारी, एका दिवसात होते

पहिलं म्हणजे कोण बोलणार ते ठरवा. एक जण, जास्तीत जास्त दोन. ज्याच्याशी तो आधीपासून मोकळा आहे तो, मग तो रूममेट नसला तरी चालेल. सहा जणांनी बेडभोवती बसून बोलणं म्हणजे कोर्ट भरवणं, त्यातून काही निघत नाही. आणि जो स्वतः त्याच्याबरोबर रोज पितो त्याने पुढाकार घेऊ नये, तो बरोबर आला तर येऊ दे.

दुसरं, फोनमध्ये नंबर सेव्ह करा. टेली मानस, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. व्यसनमुक्तीसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६. अँब्युलन्स १०८. आणि तुमच्या स्वतःच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीचा नंबर, जो हॉस्टेलमधल्या अर्ध्या मुलांकडे नसतो.

तिसरं, झडती घेऊ नका पण डोळे उघडे ठेवा. कपाट न उघडताही बरंच दिसतं: संध्याकाळी सहालाच हात थरथरणं, सकाळच्या लेक्चरला कायम दांडी, नाइट नसतानाही रात्रभर जागं, फुल बाहीचा शर्ट मे महिन्यात, पोस्टिंगमध्ये परत परत बाथरूमला जाणं, पैसे उधार मागणं. यातली एखादी गोष्ट परीक्षेच्या ताणानेही होते, म्हणून एका खुणेवरून निष्कर्ष काढू नका, पण तीन-चार एकत्र आणि काही आठवडे दिसत असतील तर थांबूही नका.

चेक: ही माहिती आत्ता तुमच्याशिवाय कुणाला माहितीये? बॅचच्या ग्रुपवर गेली असेल तर आधी तिथली चर्चा बंद करा. बाकी काहीही करण्याआधी.

## पायरी १: आज रात्री जीवाला धोका आहे का?

हे आधी, कारण धोका असेल तर पुढचं सगळं नंतर.

बेशुद्ध आहे, हाक मारून, खांदा हलवून, जोरात चिमटा काढूनही नीट उठत नाही, श्वास मिनिटाला दहाच्या खाली आलाय किंवा घरघर लागलीये, ओठ-नखं निळसर, बाहुल्या टाचणीएवढ्या, फिट येऊन गेली, उलटी होतेय आणि भान नाही. यातलं काहीही एक असेल तर कुशीवर वळवा, तोंड साफ करा, एकटं सोडू नका आणि कॅज्युअल्टीत न्या. हॉस्टेलपासून कॅज्युअल्टी बहुतेक ठिकाणी चालत पाच मिनिटांवर असते आणि तरीही मुलं नेत नाहीत, कारण ड्युटीवर आपलाच सिनियर असेल, सगळ्यांना कळेल. कळू दे.

"झोपू दे, सकाळी उतरेल" हे वाक्य सगळ्यात धोक्याचं आहे. दारू आणि झोपेच्या गोळ्या एकत्र घेतल्या असतील, किंवा दारूवर ट्रामाडॉल, पेंटाझोसिन असलं वेदनाशामक असेल तर झोपेतच श्वास बंद पडू शकतो. लिंबूपाणी, कॉफी, थंड पाण्याची अंघोळ, घशात बोटं घालून उलटी काढणं यातलं काहीही करू नका, उलटी फुप्फुसात गेली तर दुसराच प्रॉब्लेम उभा राहतो. रूममध्ये आयव्ही लावून "मॅनेज" करणं तर अजिबात नाही, तुम्ही कितीही हुशार इंटर्न असलात तरी. कॅज्युअल्टीत गेल्यावर काय घेतलं ते खरं सांगा, रिकामी स्ट्रिप किंवा अँप्युल बरोबर न्या. नॅलोक्सोन (ओपिऑइडवरचा, म्हणजे अफूच्या जातीच्या औषधांवरचा उतारा) द्यायचं की नाही हे त्यावर ठरतं.

दुसरा धोका आत्महत्येचा. तो विचारायला लोक घाबरतात, वाटतं की विचारलं तर डोक्यात घालू. तसं होत नाही, उलट विचारल्यावर बहुतेकांना हलकं वाटतं. एनएमसीच्या (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या) टास्क फोर्सने २०२४ च्या रिपोर्टमध्ये दिलंय की त्यांच्या सर्व्हेमधल्या एमबीबीएसच्या जवळपास १६ टक्के आणि पीजीच्या ३१ टक्के मुलांनी आत्महत्येचे विचार येऊन गेल्याचं सांगितलं. म्हणजे तुम्ही विचारताय ते काही जगावेगळं नाही. सरळ विचारा: "तुला मरून जावं असं वाटतं का? कसं करायचं ते ठरवलंयस का?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हो आलं, किंवा त्याने गप्प बसून मान खाली घातली, तर आजची रात्र त्याला एक मिनिट एकटं सोडायचं नाही, रूममधली औषधं आणि इंजेक्शनं त्याला सांगून दुसरीकडे हलवायची आणि आजच सायकियाट्रीच्या ऑन-कॉल डॉक्टरला दाखवायचं.

भीती असते ती: प्रयत्न केलेला असेल तर पोलीस केस होईल. हॉस्पिटल एमएलसी (पोलिसांना कळवायची मेडिको-लीगल केस) नोंदवेल, पण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरतात आणि त्याच्यावर खटला भरत नाहीत. या भीतीपायी उशीर करू नका.

## पायरी २: काय, किती आणि कधीपासून

सगळ्याला मिळून "नशा" म्हटलं की गोंधळ होतो, कारण प्रत्येक गोष्ट सोडवायची पद्धत वेगळी आहे. नेमकं काय आहे ते त्याच्याकडूनच कळेल, पुढच्या पायरीत, पण कशाचा अर्थ काय हे तुम्हाला आधी माहीत हवं.

दारू. रोज पिणारा असेल तर शेवटच्या पेगनंतर सहा-आठ तासांत थरथर, घाम, घाबरणं सुरू होतं. फिट येण्याचा काळ साधारण ६ ते ४८ तास. त्यानंतर दोन ते चार दिवसांत डिलिरियम येऊ शकतो: भलतंच दिसणं, दिवस-रात्रीचं भान जाणं, ताप. यात माणूस दगावतो.

झोपेच्या आणि घाबरण्याच्या गोळ्या. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, झोलपिडेम. हे हॉस्टेलमध्ये सगळ्यात जास्त दडलेलं असतं कारण वास येत नाही, आणि मेडिकलवाल्याकडे ओळख असते किंवा कुणीतरी इंटर्न चिठ्ठी लिहून देतो. एकदम बंद केल्या तर यातही फिट येते. अल्प्राझोलाममध्ये एक-दोन दिवसांत, लांब टिकणाऱ्या गोळ्यांमध्ये आठवडाभरानेही, म्हणजे सगळे निर्धास्त झाल्यावर.

जागं राहण्याच्या गोळ्या, मोडाफिनिल आणि मिथाइलफेनिडेट. युनिव्हर्सिटी परीक्षेच्या आधी सुरू होतात आणि "फक्त प्रिलिमपुरतं" म्हणत राहतात. त्या थांबल्या की मन एकदम खाली जातं, त्या दिवसांत आत्महत्येचा प्रश्न परत विचारायचा. आणि बघा, जागं राहायला एक गोळी आणि झोपायला दुसरी अशी जोडी बऱ्याचदा असते, एक कळली तर दुसरीबद्दल विचाराच.

गांजा सोडताना चिडचिड, झोप न येणं, भूक मरणं साधारण दोन आठवडे चालतं, जीवाला धोका नसतो. पण कुणी आपल्याविरुद्ध कट करतंय, आवाज येतात असं बोलत असेल तर तो विड्रॉवलचा भाग म्हणून सोडू नका, त्याच दिवशी दाखवा.

सिगरेट आणि व्हेप याला लोक नशाच मानत नाहीत. व्हेप २०१९ पासून देशात बंद आहेत तरी रूममध्ये असतातच.

वॉर्डातली इंजेक्शनं. पेंटाझोसिन, ट्रामाडॉल, केटामिन, फेंटॅनिल, प्रोपोफॉल. अॅनेस्थेशिया, सर्जरी, ऑर्थो, इमर्जन्सीच्या रेसिडेंट्समध्ये हे जास्त होतं कारण हाताशी असतं. यात डोस चुकायला वेळ लागत नाही, म्हणून हे कळलं तर पुढच्या पायऱ्या आठवड्यात नाही, एक-दोन दिवसांत उरकायच्या.

सावधान: दारू किंवा झोपेच्या गोळ्या रोज चालू असतील तर "आजपासून बंद" हे तुम्ही ठरवू नका. स्टॉक फेकू नका. डॉक्टरकडे पोचेपर्यंत जे चालू आहे ते त्याहून वाढवायचं नाही, एकदम तोडायचंही नाही. ऐकायला विचित्र वाटतं, पण जीव याच्यात वाचतो.

## पायरी ३: बोलणं

वेळ निवडा. प्यायलेला असताना नाही, नाइट ड्युटी करून आल्याआल्या नाही, पेपरच्या आदल्या रात्री नाही. रूमच्या बाहेर, चालता चालता बोललेलं उत्तम, कारण समोरासमोर डोळ्यांत बघून हे बोलणं दोघांनाही जड जातं.

सुरुवात दिसलेल्या गोष्टीने करा, निदानाने नाही. "तू अॅडिक्ट झालायस" म्हटलं की संवाद संपला. असं काहीतरी म्हणा:

"अरे, गेले महिनाभर तू सकाळी उठतच नाहीयेस, परवा स्युचर करताना हात कापत होता तुझा. मला काळजी वाटतेय. मी कुणाला सांगितलेलं नाही. काय चाललंय सांगशील?"

मग गप्प बसा. खरंच गप्प. मेडिकलच्या मुलांना हे सगळ्यात कठीण जातं, आपल्याला लगेच हिस्ट्री घ्यायची असते. पहिलं उत्तर बहुतेक "काही नाही रे" असंच येणार, दुसरं चिडून येणार, खरं उत्तर तिसऱ्यांदा येतं, कधी कधी चार दिवसांनी. पहिल्यांदा नाही म्हणाला तर भांडू नका, "ठीक आहे, मी परत विचारेन" एवढं म्हणून सोडा आणि खरंच परत विचारा.

काय बोलू नये याची यादी मोठी आहे, पण तीन गोष्टी हमखास होतात. एक, आई-वडिलांच्या कर्जाची आठवण. त्याला ते रोज आठवतं, त्याच्यामुळेच झोप उडालेली असते बऱ्याचदा. दुसरं, शपथा. शपथ मोडली की तो लपवायला लागतो आणि तुमच्यापासूनच लपवतो. तिसरं, "तुझ्यापेक्षा वाईट परिस्थितीतली मुलं शिकतायत" हे.

बोलताना हे लक्षात ठेवा की नशेच्या खाली बहुतेक वेळा दुसरं काहीतरी असतं. फर्स्ट इयरला पहिल्यांदाच नापास झालेला जिल्ह्याचा टॉपर, इंग्रजी व्हायवात तोंड न उघडणारा मराठी मीडियमचा मुलगा, सलग छत्तीस तास ड्युटी करून वर युनिटमध्ये शिव्या खाणारी जेआर वन. ताण, उदासी, पॅनिक आधी आलेलं असतं आणि गोळी किंवा दारू त्यावर स्वतःच शोधलेला इलाज असतो. म्हणून फक्त पदार्थ सोडवायच्या मागे लागलात आणि खालचं तसंच राहिलं तर तो दुसरं काहीतरी पकडणार.

तयार असेल तर त्याला दोन प्रश्नावल्या स्वतः भरायला द्या, तुम्ही प्रश्न विचारून मार्क देऊ नका. दारूसाठी ऑडिट (AUDIT) नावाची, दहा प्रश्न, ४० पैकी, ८ किंवा जास्त आले तर दाखवायला हवं. उदासीसाठी पीएचक्यू नाइन (PHQ-9), २७ पैकी, १० किंवा जास्त आले तर दाखवायला हवं, आणि नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे, त्यात शून्य सोडून काहीही आलं तर एकूण स्कोअर कितीही कमी असो, पायरी १ ला परत जायचं. हे निदान नाहीये, फक्त "मला जायला हवं" हे त्याचं त्याला पटायला उपयोग होतो. आकडे आपल्या लोकांना पटतात.

## पायरी ४: डॉक्टर

इथे सगळ्यात जास्त गाडी अडते. प्रश्न असा की आपल्याच कॉलेजच्या सायकियाट्री ओपीडीत जायचं का? तिथले सर आपले एक्झामिनर, तिथला रेसिडेंट आपला सिनियर, केस पेपर काढणारा क्लार्क ओळखीचा. भीती खरी आहे, तिला हसू नका. रात्रीची इमर्जन्सी असेल तर आपलंच हॉस्पिटल, विचार करायचा नाही. इमर्जन्सी नसेल तर त्याला निवडू द्या: दुसऱ्या कॉलेजची ओपीडी, सिव्हिल हॉस्पिटल, गावातला खासगी सायकियाट्रिस्ट. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथे सरकारी मनोरुग्णालयं आहेत, त्यांच्या ओपीडीत तुमच्या कॉलेजचं कुणी बसलेलं नसतं. आधी फोनवरच बोलायचं असेल तर १४४१६, पण फोन म्हणजे उपचार नाहीत, दारू आणि गोळ्यांच्या बाबतीत तर नाहीच.

गोपनीयतेबद्दल त्याला नेमकं सांगा, "कुणाला नाही कळणार रे" असं मोघम नको. त्याच मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम २३ प्रमाणे डॉक्टरला ही माहिती कॉलेजला, वॉर्डनला, बॅचमेटला देता येत नाही. अपवाद आहेत, जीवाला किंवा दुसऱ्याला धोका असेल तर, कोर्टाने मागितली तर. व्यसनातून आलेले मानसिक त्रास या कायद्यात मानसिक आजारातच येतात, त्यामुळे हे हक्क त्यालाही आहेत. अजून एक उपयोगाचं: अठरा पूर्ण असतील तर तो साध्या कागदावर लिहून स्वतःचा नामनिर्देशित प्रतिनिधी (उपचारांच्या बाबतीत त्याच्या बाजूने उभा राहणारा माणूस) ठरवू शकतो, फक्त त्या माणसाची लेखी संमती लागते. वडिलांना सांगायची हिंमत नसेल तर मोठी बहीण, मामा, कुणीही सज्ञान विश्वासाचं माणूस चालतं.

गांजा किंवा इंजेक्शनचा विषय असेल तर एनडीपीएसची, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याची भीती असते. त्या कायद्यात कलम ६४ए आहे: सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात अडकलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं, उपचार अर्धवट सोडले तर ते काढूनही घेता येतं. वॉर्डातून चोरी केली असेल तर त्याला हे कलम लागत नाही, तिथे वकिलाशी बोला.

पहिल्या व्हिजिटला बरोबर जा, पण केबिनच्या बाहेर बसा. त्याच्याकडून एका कागदावर लिहून न्या: काय घेतो, दिवसाला किती, किती महिने, शेवटचं कधी, आधी कधी फिट आली का, बाकी औषधं कोणती. इंजेक्शन घेत असेल तर एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी, सी ची तपासणी मागायला लाजू नये.

इथे चूक होते: स्वतःच उपचार सुरू करणं. एखादा जेआर डायझेपाम लिहून देतो, दुसरा उदासीवरची एसिटालोप्राम, तिसरा म्हणतो नॅलट्रेक्सोन (ओपिऑइडचा परिणाम अडवणारी गोळी) दे. ओपिऑइड चालू असताना नॅलट्रेक्सोन दिली तर तासाभरात भयंकर विड्रॉवल सुरू होतो. मित्राचं प्रिस्क्रिप्शन मित्राने लिहायचं नाही, हे नियम म्हणून धरा. तो या महिन्यात पेशंट आहे, त्याला पेशंट होऊ द्या.

## पायरी ५: विड्रॉवलचे दिवस

घरी किंवा रूमवर राहून करायचं की अॅडमिट व्हायचं हे डॉक्टर ठरवतील. आधी फिट किंवा डिलिरियम झालेला असेल, दारू आणि गोळ्या दोन्ही चालू असतील, आत्महत्येचे विचार असतील, किंवा रात्री बरोबर राहायला कुणी नसेल तर अॅडमिशनलाच हो म्हणा. सज्ञान माणूस स्वतःच्या सहीने अॅडमिट होऊ शकतो, मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ८६, घरच्यांची सही लागतेच असं नाही.

खासगी व्यसनमुक्ती केंद्र निवडत असाल तर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडची नोंदणी दाखवा म्हणावं. रात्री गाडी पाठवून उचलून नेऊ असं सांगणारे, भेटायला महिनाभर बंदी घालणारे, सायकियाट्रिस्ट कोण हे न सांगणारे, सगळे बाद.

रूमवर करायचं ठरलं तर पहिले चार दिवस कुणीतरी कायम बरोबर. पाणी, जेवण, गोळ्यांच्या वेळा. दारू सोडताना थायमिन (व्हिटॅमिन बी१) डॉक्टर देतीलच, ते चुकवू नका, आणि अशक्त वाटतंय म्हणून कुणी थायमिनच्या आधी ग्लुकोजची बाटली लावू नका. झोपेच्या गोळ्या कमी करायला आठवडे, कधी महिने लागतात, डोस थोडा थोडा उतरवतात. घाई करणाऱ्याला परत वर जावं लागतं.

सिगरेट सोडणाऱ्याला पहिले तीन-चार दिवस सगळ्यात वाईट. निकोटिन गम घेत असेल तर तो चघळत बसायचा नाही, झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायचा, कमी झाल्या की परत चघळायचा. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगरेट लागत असेल तर २ मिलिग्रॅमचा गम पुरत नाही, डॉक्टरला सांगा.

सावधान: "न सांगता जेवणात मिसळा" अशी दारू सोडवायची पावडर किंवा डायसल्फिराम (दारू प्यायल्यावर त्रास व्हावा म्हणून देतात ती गोळी) कुणीही, घरच्यांनीही, द्यायचं नाही. त्यावर दारू प्यायला तर बीपी एकदम पडतं, जीव जाऊ शकतो, आणि वाचला तर पुन्हा कुणावर विश्वास ठेवणार नाही.

## पायरी ६: घरचे, युनिट, वॉर्डन

आता सांगायची वेळ, आणि सांगणार तो, तुम्ही नाही. तुम्ही शेजारी बसू शकता. आधी घरचे, फोनवर न सांगता शक्यतो भेटून, आणि उपचार सुरू झालेत हे पहिल्या वाक्यात: "आई, मला झोपेच्या गोळ्यांची सवय लागली होती, मी डॉक्टरकडे जातोय, त्यांनी तुला भेटायला बोलावलंय." असं सांगितलं की घरचे डॉक्टरला प्रश्न विचारतात. तुम्ही परस्पर फोन केलात तर ते रात्रीच्या गाडीने येतात आणि सामान बांधून त्याला घेऊन जातात, उपचार तिथेच थांबतात.

कॉलेजमध्ये सगळ्यांना सांगायची गरज नाही. रजा मंजूर करणारा एक माणूस पुरतो, एमबीबीएसला मेंटॉर किंवा डिपार्टमेंटचे एखादे सर-मॅडम, पीजीला गाइड किंवा एचओडी (विभागप्रमुख). "मेडिकल ट्रीटमेंट चालू आहे" एवढं बास.

याला एकच अपवाद. कुणी नशेत ड्युटीवर असेल, पेशंटला हात लावत असेल, किंवा वॉर्डातली औषधं काढत असेल, तर त्याची परवानगी मागत बसायचं नाही. त्याच क्षणी त्याला ड्युटीवरून बाजूला करा, दुसऱ्याला उभं करा, युनिटच्या सिनियरला सांगा. मैत्री आहे म्हणूनच सांगायचं. पेशंटला काही झालं तर तो त्यातून आयुष्यभर बाहेर येणार नाही.

## पायरी ७: अटेंडन्स आणि परीक्षा

एमबीबीएसला थिअरीला ७५ टक्के आणि प्रॅक्टिकल-क्लिनिकलला ८० टक्के लागतात. म्हणून रजेचा अर्ज उपचार सुरू होतानाच द्या, टर्म संपताना नाही. अर्जाची पोच घ्या, इनवर्ड नंबर घ्या, फोटो काढून ठेवा. सर्टिफिकेटवर पूर्ण निदान लिहायलाच हवं असं नाही, तारखा आणि "उपचाराखाली" एवढं लिहून देता का ते डॉक्टरना विचारा.

फर्स्ट इयरला चार अटेम्प्ट आणि कोर्सला नऊ वर्षं मिळतात. म्हणजे एक परीक्षा सोडली तर जग बुडत नाही, हे त्याला हिशोब मांडून दाखवा. नुसतं "होईल रे सगळं" याने धीर येत नाही.

रेसिडेंट असेल तर ड्युटीचे तास हा उपचाराचा भाग आहे. एनएमसीच्या त्याच टास्क फोर्सने आठवड्याला ७४ तासांची मर्यादा आणि आठवड्यातून एक सुट्टी सुचवली आहे. एचओडींशी बोलताना तो रिपोर्ट घेऊन जा, आणि निदान पहिले दोन महिने नाइट कमी करून मागा. एकट्याने मागायला जमत नसेल तर मार्डच्या (रेसिडेंट डॉक्टरांच्या संघटनेच्या) प्रतिनिधीला बरोबर घ्या.

## पायरी ८: परत रूमवर

पार्टी असेल तेव्हा त्याला वगळू नका, पण त्याच्या रूममध्ये पार्टी करू नका. युनिव्हर्सिटीचा शेवटचा पेपर, रिझल्टचा दिवस, इंटर्नशिप संपण्याची रात्र, हे दिवस आधीच कॅलेंडरवर खूण करून ठेवा आणि त्या दिवशी कुठे असायचं हे आठवडाभर आधी ठरवा. रोज "घेतलीस का?" विचारू नका. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, चहाला. दारूसाठी एए (अल्कोहोलिक्स अनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) च्या मीटिंग्ज मराठीत होतात, पहिल्या एखाद्या मीटिंगला शेजारी जाऊन बसा.

परत घेतली तर? होऊ शकतं, बऱ्याच जणांचं होतं. त्या दिवशी ओरडायचं नाही, त्याच डॉक्टरला फोन करायचा. मात्र एक गोष्ट त्याला आधीच सांगून ठेवा: काही आठवडे बंद राहिल्यावर सहनशक्ती उतरलेली असते, जुना डोस आता जास्त होतो. इंजेक्शन आणि ओपिऑइडच्या बाबतीत रिलॅप्समधले मृत्यू याच कारणाने होतात. म्हणून परत घेतल्याचं कळलं तर पहिला प्रश्न "का?" नाही, "किती आणि कधी?" हा विचारा आणि श्वासावर लक्ष ठेवा.

आणि तुम्ही एकट्याने हे सगळं ओढू नका. रात्री बरोबर राहायच्या पाळ्या दोघा-तिघांत वाटून घ्या, ज्यांना त्याने स्वतः हो म्हटलंय अशांत. तुमचीही झोप उडाली, चिडचिड व्हायला लागली तर १४४१६ तुमच्यासाठीही आहे.

## हे वाचणारे तुम्ही स्वतःच असाल तर

आज एकदम बंद करू नका, विशेषतः दारू आणि गोळ्या. एका माणसाला सांगा, कुणालाही, "मला आता हे थांबत नाहीये" एवढंच वाक्य पुरे. तो कागद लिहा: काय, किती, कधीपासून, शेवटचं कधी. तो घेऊन या आठवड्यात एका ओपीडीत जा, परीक्षा झाल्यावर नाही. आणि आज रात्रीच फार वाईट वाटत असेल तर रूमचं दार आतून लावू नका, बाहेर कॉरिडॉरमध्ये या, शेजारचं दार वाजवा.